अ‍ॅनालिस्टच्या जागा: जाहिरात वाचण्यापासून मुलाखतीपर्यंत

'अ‍ॅनालिस्ट' हे पदनाम फार सैल आहे. एके ठिकाणी डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणजे दिवसभर क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) लिहून डेटाबेसमधून उत्तरं काढणारा माणूस. दुसरीकडे त्याच नावाखाली दर सोमवारी तीच एक्सेल शीट उघडून नवे आकडे चिकटवायचे असतात. बिझनेस अ‍ॅनालिस्ट कुठे प्रोजेक्ट मॅनेजरचा उजवा हात असतो, तर कुठे नुसता मीटिंगची टिपणं काढणारा. 'आयटी अ‍ॅनालिस्ट' म्हटलं तर विचारूच नका. प्रिंटर सुरू करून देण्यापासून सर्व्हर सांभाळण्यापर्यंत त्यातून काहीही निघू शकतं.

मी आधी अर्ज करणाऱ्यांत होतो, नंतर काही वर्षं अर्ज चाळणाऱ्यांत. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की बहुतेक अर्ज पदनामाला केलेले असतात, कामाला नाही. जाहिरातीत लिहिलेलं काम आणि अर्जातला माणूस यांची एकमेकांशी ओळखच झालेली नसते. ती कशी करून द्यायची, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: दहा जाहिराती गोळा करा, क्रियापदांखाली रेघ ओढा

मराठी वाक्यात कोण आणि कुठे हे आधी कळतं, पण क्रियापद येईपर्यंत घडलं काय ते कळत नाही. जाहिरातीचंही तसंच आहे. पदनाम, कंपनीची थोरवी, टूल्सची नावं हे सगळं वाचून झालं तरी रोज करायचं काय, हे फक्त क्रियापदं सांगतात.

म्हणून अर्ज करण्याआधी एक संध्याकाळ निव्वळ वाचनाला द्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दहा-पंधरा जाहिराती एका फाइलमध्ये कॉपी करा. 'आम्ही झपाट्याने वाढणारी कंपनी आहोत' छापाचा मजकूर उडवा. जबाबदाऱ्यांची यादी उरेल, तिच्यातल्या क्रियापदांखाली रेघ ओढा. अर्ध्या तासात गट पडायला लागतात.

क्वेरी लिहिणं, डेटा साफ करणं, डॅशबोर्ड (आकडे एका नजरेत दाखवणारा पडदा) बनवणं, आकडा का बदलला ते समजावून सांगणं असं असेल तर ते डेटा अ‍ॅनालिस्टचं काम, मग वर 'बीआय (बिझनेस इंटेलिजन्स) अ‍ॅनालिस्ट' लिहिलेलं असो की आणखी काही. लोकांशी बोलून गरजा समजून घेणं, सध्याची पद्धत कागदावर उतरवणं, डेव्हलपरला समजेल अशी मांडणी करणं, तयार झालेली गोष्ट वापरणाऱ्यांकडून तपासून घेणं हे बिझनेस अ‍ॅनालिस्टचं. त्याच कामात 'दोन सिस्टिममधली देवाणघेवाण ठरवणं', 'कॉन्फिगर करणं', 'बदलाचा परिणाम तपासणं' अशी भर पडली की तो सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट.

अलर्ट (धोक्याच्या सूचना) तपासणं, लॉग (संगणकाने ठेवलेल्या नोंदी) वाचणं, खरा धोका असेल तर वरच्या टीमकडे पाठवणं ही सिक्युरिटी अ‍ॅनालिस्टची क्रियापदं आहेत, आणि त्यांच्या आसपास 'शिफ्ट' हा शब्द बहुधा असतोच. तिकीट (तक्रारीची नोंद) घेणं, खाती उघडणं, अडचण सोडवणं किंवा योग्य माणसाकडे देणं हे सर्व्हिस डेस्कचं काम. टेस्ट केस (तपासणीच्या पायऱ्या) लिहून चुका नोंदवणारा तो क्यूए (गुणवत्ता तपासणारा) अ‍ॅनालिस्ट.

क्रियापदांतले बारकावेही बोलके असतात. 'बनवणं' आणि 'सांभाळणं' यांत खूप अंतर आहे. पहिल्यात कोरी पाटी मिळते, दुसऱ्यात कुणीतरी घाईत करून ठेवलेल्या गोष्टी गळ्यात पडतात. (वाईट असंच नाही. दुसऱ्याच्या गोंधळातून शिकायला भरपूर मिळतं.) 'सहाय्य करणं' म्हणजे कुणीतरी वरिष्ठ शेजारी असेल. 'संपूर्ण जबाबदारी घेणं' म्हणजे तो बहुधा नसेल. 'समन्वय साधणं' एकाच जाहिरातीत तीनदा आलं, तर दिवसाचा मोठा भाग फोन आणि ईमेलच्या पाठपुराव्यात जाणार, हे गृहीत धरा.

आता स्वतःला विचारा, यातली कोणती क्रियापदं मी रोज करू शकेन? दिवसभर शांतपणे आकड्यांशी झगडायला आवडतं की माणसांशी बोलायला? रात्रपाळी झेपेल का? दोन गट निवडा, तीन नकोत. सगळीकडे अर्ज टाकणाऱ्याचा रेझ्युमे सगळीकडेच पातळ दिसतो.

पायरी २: पात्रतेच्या यादीचे तीन ढीग करा

पात्रतेची यादी वाचून माणसं दोन प्रकारे चुकतात. काही जण बारापैकी अकरा गोष्टी असूनही बाराव्या गोष्टीपायी अर्ज करत नाहीत. काही जण एकही नसताना करतात. दोन्ही टाळायचं तर यादी फोडावी लागते.

पहिला ढीग कुलूपबंद अटींचा. कायद्याने किंवा नियमाने लागणारी पदवी, काम करण्याचा परवाना, वयोमर्यादा, सुरक्षाविषयक तपासणी, एखादी भाषा. सरकारी आणि सार्वजनिक संस्थांच्या भरतीत जवळपास सगळी यादी याच ढिगात जाते. तिथे पात्रता अक्षरशः वाचायची असते. ठरलेल्या तारखेपर्यंत पदवीचा निकाल लागलेला हवा म्हणजे हवाच, आणि अनुभवाचे महिने मोजले जातात. तिथे 'बघू या, चालून जाईल' असं म्हणून अर्ज केला तर तो छाननीत बाद होतो. कधीकधी तर निवड झाल्यावर कागदपत्रांच्या तपासणीत बाद होतो, आणि ते जास्त जिव्हारी लागतं.

दुसरा ढीग खऱ्या गरजांचा. खाजगी जाहिरातीत तो ओळखायची सोपी खूण अशी: पात्रतेत लिहिलेलं कौशल्य जबाबदाऱ्यांतही दिसतं का? 'एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) आवश्यक' आणि वर 'विक्रीच्या डेटाबेसमधून साप्ताहिक अहवाल काढणे' असं दोन्हीकडे असेल, तर ते रोज लागणार. ते येत नसेल तर आधी शिका.

तिसरा ढीग इच्छांचा. 'असल्यास प्राधान्य', 'ओळख असणे इष्ट', आणि पात्रतेत असून जबाबदाऱ्यांत कुठेच न दिसणारी टूल्स. ही यादी पुष्कळदा जुन्या जाहिरातीतून उचललेली असते, किंवा चार जणांनी मिळून लिहिलेली असते आणि प्रत्येकाने आपल्या आवडीचं टूल घातलेलं असतं. पहिल्या ढिगातलं सगळं आणि दुसऱ्यातलं बहुतेक तुमच्याकडे असेल, तर तिसऱ्याकडे न बघता अर्ज करा.

अनुभवाच्या वर्षांबद्दल एक गंमत. पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड बनवायचं टूल सर्वांसाठी खुलं झालं जुलै २०१५ मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी कुणी 'पॉवर बीआयचा पाच वर्षांचा अनुभव' मागितला, तर लिहिणाऱ्याने तारीख पाहिलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. अशा अटी अधूनमधून दिसतात. खाजगी जाहिरातीतली वर्षं म्हणजे साधारण पातळीचा इशारा समजा. 'एक ते तीन' असेल आणि तुमच्याकडे सहा महिन्यांचं काम व सांगण्यासारखा एक प्रकल्प असेल तर जरूर करा. 'आठ ते दहा' असेल तर त्यांना फक्त टूल येणारा माणूस नको आहे, चुका करून शहाणा झालेला हवा आहे.

पदवीचं म्हणाल, तर संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, गणित, वाणिज्य, अर्थशास्त्र यांतून येणारे सोपेपणाने आत शिरतात. पण दुसऱ्या क्षेत्रातून आलेल्यांनी हातचं सोडू नये. ज्याने गोदामात काम केलंय त्याला कळतं की संगणकातला साठा आणि फडताळावरचा साठा का जुळत नाही. जिने रुग्णालयात काम केलंय तिला माहीत असतं की एकाच रुग्णाची तीन वेळा नोंद कशी होते. हे कुठल्याही कोर्समध्ये मिळत नाही. त्याच उद्योगातल्या अ‍ॅनालिस्टच्या जागा आधी शोधा.

पायरी ३: जे शिकायचं ते हाडापर्यंत शिका

डेटाच्या कामासाठी एकाच गोष्टीवर वेळ घालवायचा असेल तर तो एसक्यूएलवर घालवा. ही भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी घडवली. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली रिलेशनल मॉडेलची (डेटा एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांत ठेवायची) कल्पना तिच्या मुळाशी होती. त्यानंतर किती टूल्स आली आणि गेली, हिचं आसन हललेलं नाही. टॅब्लो हे डॅशबोर्डचं टूल शिकलात आणि कंपनी पॉवर बीआय वापरत असेल तर थोडं पुन्हा शिकावं लागतं. एसक्यूएल मात्र थोड्याफार फरकाने सगळीकडे चालतं.

'एसक्यूएल येतं' म्हणजे काय, यावर मात्र मतभेद आहेत. रेझ्युमेवर ते सगळ्यांनाच येतं. मी मुलाखतीत मोजकेच प्रश्न विचारायचो, आणि त्यांवरच बहुतेक जण अडखळायचे.

एक: एका ग्राहकाच्या तीन ऑर्डर आहेत आणि दोन तक्रारी. ग्राहकांच्या टेबलाला ऑर्डर आणि तक्रारी ही दोन्ही टेबलं जोडली तर त्याच्या किती ओळी येतील? सहा. प्रत्येक ऑर्डर दोनदा आली. आता ऑर्डरच्या रकमेची बेरीज केली तर ती दुप्पट येणार, आणि क्वेरी काहीही तक्रार न करता ती दुप्पट बेरीज तुमच्या हातात ठेवणार. उपाय असा की आधी दोन्ही टेबलांची ग्राहकवार बेरीज-मोजणी करून घ्यायची, मग जोडायचं.

दोन: लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) केलं, म्हणजे ऑर्डर नसलेले ग्राहकही यायला हवेत. मग खाली वेअरमध्ये (ओळी गाळायच्या भागात) 'ऑर्डरची तारीख अमुक नंतरची' अशी अट घातली. ऑर्डर नसलेले ग्राहक कुठे गेले? त्यांची तारीख नल (रिकामी) आहे, नलची तुलना खरी ठरत नाही, म्हणून ते गळाले. लेफ्ट जॉइन नावापुरता उरला. ती अट जॉइनच्या ऑनमध्ये (जोडणीच्या अटीत) घालायला हवी होती.

तीन: नॉट इन ('या यादीत नसलेले') वापरलं आणि यादीत एक नल निघाला, तर उत्तरात एकही ओळ येत नाही. तसंच काउंट या मोजणीच्या फंक्शनमध्ये तारा (*) घातला तर सगळ्या ओळी मोजल्या जातात आणि कॉलमचं नाव घातलं तर नल सोडून. सरासरीही नल सोडूनच निघते. रिकामी जागा शून्य आहे की माहिती नाही, हा व्याकरणाचा प्रश्न नाही, कामाचा आहे. तो ज्याला पडतो तो अ‍ॅनालिस्ट.

ग्रुप बाय, हॅविंग, सबक्वेरी, विंडो फंक्शन्स हे सगळं यायलाच हवं. पण ते कोणत्याही शिकवणीत मिळतं. वरचे सापळे स्वतः पडल्याशिवाय लक्षात राहत नाहीत, म्हणून मुद्दाम पडून बघा.

एक्सेलला कमी लेखू नका. लुकअप, पिव्होट टेबल, पॉवर क्वेरी (फाइली आपोआप एकत्र आणि साफ करणारी सोय) एवढं पक्कं हवं, आणि एक्सेल कुठे दगा देतं तेही ठाऊक हवं. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलीत फक्त ६५,५३६. ही घोकंपट्टीची माहिती वाटेल, पण २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून आठवडाभर गळाले, ते प्रयोगशाळांचा डेटा जुन्या प्रकारच्या फाइलीत भरताना ओळी संपल्यामुळे. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही लांबला. त्याच वर्षी मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने काही जनुकांची नावं बदलल्याची बातमी आली. 'मार्च१' हे जनुकाचं नाव टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकायचं, आणि संशोधकांचे तक्ते बिघडायचे. फाइल लोड झाल्यावर ओळी मोजायच्या आणि मूळ फाइलीशी ताडून बघायच्या, ही सवय दोन मिनिटांची आहे. मुलाखतीत तुम्ही ती आपणहून सांगितली, तर समोरच्याचा चेहरा बदलतो.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नंतर. एसक्यूएल आणि एक्सेल पक्के नसताना पायथनच्या मागे लागणाऱ्यांची मला नेहमी काळजी वाटते. डॅशबोर्डसाठी पॉवर बीआय किंवा टॅब्लो यांपैकी तुमच्या त्या दहा जाहिरातींत जे जास्त वेळा आलं ते घ्या. संख्याशास्त्रातलं मध्यक आणि सरासरी यांतला फरक, नमुन्याचा आकार, सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, एवढं सुरुवातीला पुरतं, पण ते खरोखर समजलेलं हवं.

बिझनेस अ‍ॅनालिस्टसाठी हत्यारं वेगळी. चांगला प्रश्न विचारणं, ऐकलेलं नेमक्या शब्दांत लिहिणं, फ्लोचार्ट काढणं, युजर स्टोरी (वापरणाऱ्याला काय हवं ते थोडक्यात) आणि तिच्या स्वीकृतीच्या अटी लिहिणं. 'सिस्टिम वेगवान हवी' हे वाक्य 'शोधाचा निकाल तीन सेकंदांत दिसावा' इथपर्यंत आणता येणं म्हणजे हे काम येणं. सिक्युरिटीसाठी नेटवर्किंगचा पाया आधी: डीएनएस काय करतं, पोर्ट ४४३ आणि २२ वर काय चालतं, लॉगमधली एक ओळ कशी वाचायची. मग मायटर अ‍ॅटॅक हा हल्ल्याच्या पद्धतींचा खुला तक्ता चाळा. सर्व्हिस डेस्कवर तांत्रिक ज्ञानाइतकंच महत्त्वाचं असतं ते समोरचा वैतागलेला असताना आपण न वैतागणं.

पायरी ४: सर्टिफिकेट घ्यायचं तर कोणतं आणि कधी

सर्टिफिकेट चाळणीतून आत ढकलतं. नोकरी ते देत नाही. सपोर्टच्या जागांसाठी कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस आणि सिक्युरिटीसाठी त्यांचंच सिक्युरिटी प्लस ही ओळखीची नावं. दोन्ही तीन वर्षं वैध राहतात. नेटवर्ककडे जायचं तर सिस्कोचं सीसीएनए. डेटासाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआयवरचं पीएल-३००, ज्याचं दर वर्षी ऑनलाइन, मोफत नूतनीकरण करता येतं.

मोठ्या नावांच्या मागे अवेळी धावू नका. आयआयबीए या संस्थेचं सीबीएपी हे बिझनेस अ‍ॅनालिस्टचं मानाचं प्रमाणपत्र, पण त्यासाठी ७,५०० तासांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. नवख्यांसाठी त्याच संस्थेचं ईसीबीए आहे, त्याला अनुभवाची अट नाही. सिक्युरिटीतलं सीआयएसएसपी पाच वर्षांचा अनुभव मागतं. पदवी किंवा ठरावीक प्रमाणपत्र असेल तर त्यातलं एक वर्ष माफ होतं. फ्रेशरसाठीच्या जाहिरातीत सीआयएसएसपी मागितलेलं दिसलं, तर लिहिणाऱ्याला ते काय आहे हे माहीत नाही असं खुशाल समजा. फी भरण्याआधी परीक्षेचा सध्याचा अभ्यासक्रम मूळ संस्थेच्या वेबसाइटवर बघा, क्लासवाल्याच्या पत्रकावर नाही.

आणि निवडायचं कसं? पुन्हा त्या दहा जाहिराती. ज्या सर्टिफिकेटचं नाव तीनदा आलं ते घ्या. एकदाही न आलेलं, कितीही चकचकीत असलं तरी, सध्या राहू द्या.

पायरी ५: एक काम शेवटपर्यंत करा

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. या चक्रातून बाहेर पडायला एक पूर्ण केलेलं काम लागतं. अर्धवट दहा नकोत. टायटॅनिकच्या प्रवाशांचा डेटा तर अजिबात नको. शिकायला तो छान आहे, पण चाळणाऱ्याने तो इतक्या वेळा पाहिलेला असतो की जहाज बुडण्याआधीच तो पान उलटतो.

प्रश्नापासून सुरुवात करा, डेटापासून नाही. 'बसच्या उशिराचा संबंध वेळेशी जास्त आहे की मार्गाशी?' असा खरा, छोटा प्रश्न. मग सार्वजनिक डेटा शोधा. सरकारी खुल्या डेटाची संकेतस्थळं आहेत, कॅगल हे खुल्या डेटाचं संकेतस्थळ आहे. साफ करताना घेतलेला प्रत्येक निर्णय लिहून ठेवा: किती ओळी होत्या, किती काढल्या, का काढल्या, रिकाम्या जागांचं काय केलं. शेवटी एका पानात उत्तर द्या, ज्याला एसक्यूएल म्हणजे काय हे माहीत नाही अशा माणसाला कळेल असं. 'या डेटावरून हे सांगता येत नाही' हा परिच्छेदही घाला. माझ्या अनुभवात तोच परिच्छेद सगळ्यात जास्त गुण मिळवतो, कारण तो फार थोडे जण लिहितात.

बिझनेस अ‍ॅनालिस्ट व्हायचं असेल तर डेटाची गरज नाही. तुमच्या ओळखीच्या ठिकाणी रजेचा अर्ज कसा मंजूर होतो, तो कुठे अडकतो, हे दोघा-तिघांशी बोलून काढा. सध्याची पद्धत आणि सुचवलेली पद्धत अशी दोन चित्रं, पाच-सहा युजर स्टोरी, बस. सिक्युरिटीसाठी स्वतःच्याच संगणकावर व्हर्च्युअल मशीन (संगणकातला संगणक) उभी करा, तिचे लॉग गोळा करा, चुकीचे पासवर्ड टाकून बघा आणि ते लॉगमध्ये कसे दिसतात ते लिहा. दुसऱ्याच्या सिस्टिमवर परवानगीशिवाय असले प्रयोग करायचे नाहीत, एवढं सांगायला हवं.

सध्या दुसरीच नोकरी करत असाल तर आणखी सोपं आहे. तिथे कुणीतरी दर महिन्याला हाताने काहीतरी एकत्र करत असेल. ते मागून घ्या. कंपनीतल्या कंपनीत अ‍ॅनालिस्ट झालेले लोक मी बरेच पाहिलेत, आणि त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशाच एका कंटाळवाण्या शीटपासून झाली. फक्त कंपनीचा डेटा बाहेर दाखवू नका. पद्धत सांगा, आकडे नाही.

पायरी ६: रेझ्युमे, पुन्हा क्रियापदांनी

'दैनंदिन रिपोर्टिंगची जबाबदारी' ही ओळ काहीच सांगत नाही. 'पाच शाखांचे आकडे एकत्र करायला रोज दोन तास लागत. पॉवर क्वेरी लावून ते काम पंधरा मिनिटांवर आणलं' ही ओळ वाचून मी थांबतो. काय केलं, कशाने केलं, काय फरक पडला. तीनही बसत नसतील तर पहिली दोन तरी. आकडा खरा असू द्या, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो: 'दोन तास हे कसं मोजलं?'

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातो. ते तुम्हाला आपणहून नाकारतंच असं नाही, पण वाचता न आल्यास तुम्ही शोधात सापडत नाही. म्हणून मांडणी साधी ठेवा. दोन स्तंभ, तक्ते, चित्रातला मजकूर, कौशल्यांपुढे पाचपैकी चार तारे, काही नको. (ते तारे कुणी दिले, हा प्रश्न मला नेहमी पडतो.) जाहिरातीत ज्या शब्दात कौशल्य लिहिलंय त्याच शब्दात लिहा, अर्थात येत असेल तरच. नवख्याला एक पान, अनुभवी माणसाला दोन. प्रत्येक अर्जाला संपूर्ण रेझ्युमे बदलायची गरज नाही, वरच्या चार ओळी आणि मुद्द्यांचा क्रम बदलला तरी पुरतं.

पायरी ७: अर्ज कुठे करायचा, आणि कुठे अजिबात नाही

जाहिरात पोर्टलवर सापडली तरी कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर जाऊन ती तिथे आहे का बघा आणि शक्यतो तिथूनच अर्ज करा. तिथे नसेल तर जागा भरली गेली असेल किंवा ती कधी नव्हतीच. अर्ज लवकर गेलेला बरा, कारण पुरेशी नावं मिळाली की चाळणारा थांबतो. आतल्या माणसाची ओळख असेल तर नुसतं 'रेफर करा' म्हणू नका. जागेचा दुवा, रेझ्युमे आणि आपण का जुळतो याच्या तीन ओळी पाठवा, म्हणजे त्याला फक्त पुढे ढकलायचं उरतं.

नोंदणी शुल्क, प्रशिक्षणाची अनामत, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा कुठल्याही नावाखाली पैसे मागितले की तिथेच थांबा. मुलाखत फक्त चॅटवर होते, ईमेल कंपनीच्या डोमेनवरून नाही, दोन दिवसांत ऑफर, आणि ती येण्याआधीच बँकेचे तपशील किंवा ओटीपी मागतात, ही सगळी फसवणुकीची लक्षणं आहेत. गरज जितकी जास्त तितकी ही लक्षणं डोळ्यांआड होतात. म्हणून ऑफर आली की ती ज्याला नोकरीची घाई नाही अशा एका माणसाला दाखवा.

पायरी ८: मुलाखत

डेटाच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: 'गेल्या महिन्यात विक्री दहा टक्क्यांनी घसरली. का, ते कसं शोधाल?' घाई करणारा लगेच कारणं सांगायला लागतो: हंगाम, स्पर्धक, किंमत. थांबा. आधी विचारा, विक्री म्हणजे रक्कम की नगांची संख्या? परत आलेला माल वजा केला आहे का? तुलना कशाशी, आधीच्या महिन्याशी की गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी? डेटा पूर्ण आला आहे का, की एखाद्या शाखेची फाइलच लोड झालेली नाही? एवढं झाल्यावर मग घसरण प्रदेश, उत्पादन, ग्राहकाचा प्रकार यांनुसार फोडा. खऱ्या कामातही पुष्कळदा घसरण डेटात असते, धंद्यात नसते.

क्वेरी लिहायला दिली तर बोलत बोलत लिहा. गप्प राहून चुकलेल्याला मदत करता येत नाही, पण 'इथे ओळी दुप्पट होतील असं वाटतंय' म्हणणाऱ्याला मी शेवटचा अर्धविराम विसरल्याबद्दल कधी नाकारलं नाही. एआय टूलने क्वेरी लिहून देता येते हे समोरच्यालाही माहीत असतं. म्हणून हल्ली 'लिहा'पेक्षा 'ही क्वेरी काय करते आणि कुठे चुकेल' असं विचारणं जास्त उपयोगी ठरतं. वर सांगितलेले सापळे इथे कामी येतात.

घरी करायचं काम दिलं तर ते किती तासांचं आहे विचारून घ्या. तीन-चार तास ठीक. आठवडाभराचं, आणि तेही कंपनीच्याच चालू डेटावर असेल, तर ते फुकटात करून घेतलेलं काम असू शकतं.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतील तेव्हा विचारा: या जागेवर आधी कोण होतं आणि ते कुठे गेलं? पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय झालं तर तुम्ही खूश व्हाल? डेटाबेसमध्ये मला थेट जाता येईल की कुणीतरी फाइल काढून देईल? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ती जागा अ‍ॅनालिस्टची आहे की आकडे चिकटवणाऱ्याची, हे दडलेलं असतं.

पायरी ९: स्वतःच्या शोधाचा हिशेब ठेवा

एक साधी शीट करा: कंपनी, पद, अर्जाची तारीख, रेझ्युमेची कोणती आवृत्ती, कुठपर्यंत पोहोचलात. महिनाभराने ती अ‍ॅनालिस्टच्या नजरेने वाचा. तीस अर्ज आणि एकही फोन नाही, तर गडबड रेझ्युमेत किंवा निवडलेल्या जागांत आहे. पहिल्या पायरीकडे परत जा. फोन येतात पण चाचणीत अडकता, तर महिनाभर अर्ज थांबवून फक्त क्वेरी सोडवा. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन दोन-तीनदा नकार आला, तर तुमचं ज्ञान पुरेसं आहे. तिथे प्रकल्प समजावून सांगण्याचा सराव हवा, आणि तो आरशासमोर होत नाही. डेटाशी काहीही संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला समोर बसवा, दहा मिनिटं बोला, आणि मग त्यालाच विचारा की तुम्ही नक्की काय शोधून काढलंत.